चार गाईंचं बेट

ओदील बाईंनी चष्म्याची डबी मिटली, दोन्ही हात टेबलावर एकावर एक ठेवले, आणि मी समजले. यांना आजही आधीच कळलं होतं.

"आज आपण घाई करायला नको," त्या म्हणाल्या. "महाशय मुळगावकरांना काहीतरी नवीन सांगायचं असेल. आम्ही ऐकतो."

मुळगावकर साहेबांकडे खरोखरच नवीन काहीतरी होतं. आदल्या संध्याकाळी दिल्लीहून सूचना आली होती की बेटापुढची उथळ खाडी कोळ्यांना खुली ठेवायला हरकत नाही; मात्र ही सवलत लगेच देऊ नका, दिवसभर ताणून धरा आणि बदल्यात धावपट्टी वापरायचा हक्क पदरात पाडून घ्या. साहेबांनी ताणायला सुरुवात केली. त्यांनी मैत्रीचा इतिहास सांगितला, सुरक्षेच्या अडचणी सांगितल्या, मधेच दोनदा खोकून पाणी प्याले. बाई गप्पच. एरवी ही बाई वाक्यावाक्याला अडवायची. निवृत्त मुख्याध्यापिका होती ती. तिमाराची परराष्ट्रमंत्री झाली तरी समोरच्याला वर्गातलं पोर समजायची सवय काही गेली नव्हती. आज मात्र एक शब्द नाही. समोरचा माणूस काही मागतच नाही, नुसता वाट पाहत बसतो, तेव्हा देणाऱ्याचा धीर आधी सुटतो. जेवणाच्या सुट्टीच्या आत साहेबांनी खाडी देऊन टाकली, आणि धावपट्टीचं नाव काढायलाही जागा उरली नाही.

पहिल्या आठवड्यात कराराची मुदत कमी करायची परवानगी आली होती, तेव्हाही अगदी असंच झालं होतं. तीच डबी, तीच शांतता.

बाहेर पडताना साहेब माझ्या कानाशी आले. "पागे," ते म्हणाले, "आपल्यात कुणीतरी फितूर आहे."

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. तिमारा हा देश नकाशात शोधायचा तर चष्मा लागतो. हिंदी महासागरातली मूठभर बेटं, चर्चचे मनोरे, नारळ, आणि फ्रेंचसारखं काहीतरी बोलणारी भांडखोर, प्रेमळ माणसं. त्यांच्या उत्तरेच्या टोकावर आम्हाला तळ हवा होता. शत्रूचं क्षेपणास्त्र समुद्रावरून येताना दुरूनच हेरायचं आणि वाटेतच पाडायचं, अशी ती यंत्रणा. जमीन त्यांची, यंत्रं आणि माणसं आमची. दोन्ही देशांची मैत्री जुनी होती, वादळात आमची जहाजं त्यांच्याकडे धान्य घेऊन जायची, जगाच्या सभेत ते आमच्या बाजूने हात वर करायचे. पण मैत्री वेगळी आणि अंगणात दुसऱ्याची तोफ वेगळी.

"तुम्ही तुमच्या घरावर छप्पर घालताय, चांगलं आहे," ओदील बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "पण त्याचा खांब माझ्या अंगणात रोवताय. वीज खांबावर पडते, महाशय."

पूर्वी त्यांच्यावर राज्य करणाऱ्या गोऱ्यांनी एका बेटावर फक्त कोळशाची वखार मागितली होती. वखारीमागून छावणी आली, आणि मग त्या बेटावरच्या माणसांना होड्यांत बसवून दुसरीकडे सोडलं गेलं. बाईंची आजी त्या होडीत होती. दुधाने तोंड पोळलेली माणसं ती, ताक फुंकून पिणारच. मला त्यांचा राग यायचा नाही. भटाला दिली ओसरी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. फरक एवढाच की या खेपेला भट आम्ही होतो.

आमचं शिष्टमंडळ लहान होतं. प्रमुख मुळगावकर साहेब, बेळगावकडचे, हुशार, कामाला वाघ आणि स्वभावाने तिरसट. दुसऱ्या क्रमांकाला मी, वृंदा पागे. नौदलाचे कमांडर बिष्ट. आणि दिल्लीशी सांकेतिक संदेशांची देवाणघेवाण करणारा इनास तुस्कानो. इनास वसईचा; उंच, सडपातळ, मोजकं बोलणारा. त्याच्या गावातून परराष्ट्र खात्यात आलेला तो पहिलाच. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी दुसरीत, आणि सामानात कायम सुकेळ्यांचा साठा. केळी उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली ती सुकेळी तो भेटेल त्याला द्यायचा. आम्हीसुद्धा पंधरा दिवस त्यावरच जगलो म्हटलं तरी चालेल, कारण सरकारी अतिथिगृहातला स्वयंपाक म्हणजे उकडलेला मासा आणि वर लिंबू.

साहेबांचं खाण्याचं वेगळंच प्रकरण होतं. एरवी ते जे मिळेल ते खायचे, पण महत्त्वाच्या कामाला निघताना हातावर दही-साखर हवी म्हणजे हवी. आधी आई द्यायची, मग बायको. दौऱ्यावर निघताना बायकोने विरजणाची स्टीलची डबी बांधून दिली होती, आणि ती अतिथिगृहाच्या फ्रीजमध्ये एखाद्या देवासारखी ठेवलेली असायची. रोज मात्र नाही. "रोज खाल्लं की त्याचं जेवण होतं," ते म्हणायचे. ज्या दिवशी खरंच काही ठरायचं असेल त्या दिवशीच. शिवाय स्वतःच्या हाताने घेतलेलं चालत नाही, घरातल्या बाईने घालावं लागतं. तर तिमारा मुक्कामी घरातली बाई मी! सकाळी दाराशी उभे राहून ते तळहात पुढे करायचे. "घाला, पागे." मी मुकाट्याने चमचाभर घालायचे. परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षणात हे शिकवलं नव्हतं.

फितुरीचा शब्द निघाला त्या दिवसापासून आमचं सगळं बिघडलं. कमांडर बिष्टांनी खोल्यांमधले दिवे उतरवले, विजेची बटणं उघडली, पलंगाखाली डोकं घातलं. एकही यंत्र सापडलं नाही. आम्ही बोलायचं असलं की किनाऱ्यावर जायचो, आणि वाऱ्यात एकमेकांच्या कानाशी ओरडायचो. दिल्लीची सूचना तिघांनाच कळायची: संदेश उलगडणाऱ्या इनासला, साहेबांना आणि मला. साहेब स्वतःवर संशय घेणार नव्हते. माझ्यावर त्यांनी दोन दिवस घेतला असावा, कारण दोन दिवस ते माझ्याशी हवापाण्यावरच बोलत होते. मग त्यांनी मला सोडलं, आणि उरला इनास.

"तो रोज संध्याकाळी त्यांच्या देवळात जातो," साहेब किनाऱ्यावर म्हणाले.

"चर्चमध्ये, सर."

"तेच ते. त्यांच्याच माणसांत जाऊन बसतो. बिष्टांनी परवा पाहिलंय, त्याने एका ननच्या हातात पुडकं दिलं. पानात गुंडाळलेलं."

"सुकेळी असतील."

"असतील. आत काय होतं ते आपण पाहिलंय?"

"सर, त्याच्याविरुद्ध एवढंच आहे? पुडकं आणि प्रार्थना?"

साहेब थांबले. चपलेतली वाळू झटकत म्हणाले, "पागे, मला त्या पोराचा राग नाही. पण तळाच्या फाटकातून कोण आत येऊ शकेल, ते कलम उरलंय. तेही असंच गेलं तर मी दिल्लीला तोंड दाखवू शकणार नाही. शुक्रवारच्या विमानाने तो परत जाईल. रजा म्हणून. तिकडे उतरला की चौकशीवाले काय ते बघतील."

चौकशीवाले काय बघतात ते मला माहीत होतं. सांकेतिक विभागातल्या माणसावर एकदा बोट उठलं की पुढे काही सिद्ध झालं नाही तरी तो माणूस संपतो. त्याला कुठल्यातरी तळघरातल्या टेबलावर बसवतात, आणि जेवणाच्या डब्याशीही कुणी त्याच्याजवळ येत नाही. मी साहेबांशी भांडले खरी. पण सांगायलाच हवं, संशय हा पाहुणा मोठा चिवट. दुसऱ्या दिवशी इनासने मला सुकेळं दिलं, तेव्हा मी ते पान जरा जास्तच निरखून पाहिलं.

बुधवारी संध्याकाळी तो चर्चकडे निघाला, तशी मी मागून निघाले. चर्च टेकडीवरच्या कॉन्व्हेंटच्या आवारात होतं. चढावर मधेच इनास थांबला आणि वळून म्हणाला, "मॅडम, माझ्या मागे यायला हरकत नाही. फक्त असं लांबून नका येऊ. बरोबरच चला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याच्या बरोबरीने चालू लागले.

"काल साहेबांनी मला रजा मंजूर केली," तो थोड्या वेळाने म्हणाला. "मी मागितली नव्हती."

मी चढाकडे बघत चालत राहिले.

"आणि सोमवारपासून ते संदेश स्वतःच उलगडतात. खुणांचं पुस्तक घेऊन दार लावून बसतात. त्यांना फार वेळ लागतो, मॅडम. खोडाखोडीचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येतो." तो जरासा हसला. "माझ्या हातून काही चुकलं असेल तर सांगा. बाबांना मी काय सांगायचं ते तरी मला कळू दे."

तेवढ्यात आवाराचं दार आलं आणि एक म्हातारी नन हातात बादली घेऊन गोठ्याकडून येताना दिसली. इनासला बघून तिचा चेहरा फुलला. ही सिस्टर अगाथा. तोडक्या इंग्रजीत तिने माझी चौकशी केली, त्या वाळक्या केळ्यांचं तोंड भरून कौतुक केलं, आणि मग काळजीच्या सुरात म्हणाली, "बरं झालं तुम्हीच आलात. या आठवड्यात तुमची आणखी एखादी मोठी पूजा आहे का? आमची एक गाय आटलीय. आधी सांगितलंत तर शाळेतल्या मुलींच्या वाट्याचं थोडं बाजूला ठेवीन."

"कसली पूजा, सिस्टर?"

"तुमच्या साहेबांची. आदल्या संध्याकाळी रोझलीन पेला घेऊन पळत येते ना, अतिथिगृहातली. साहेबांना डब्यातल्या पावडरचं दूध चालत नाही म्हणे, ताजंच हवं. ते रात्रभर झाकून ठेवायचं, आणि सकाळी साहेब उभ्याउभ्याने चाटतात. आम्हाला फार गंमत वाटली."

मी तिथेच थबकले. दही रात्री लावावं लागतं. दिल्लीचा संदेश संध्याकाळी येतो, साहेब तो वाचतात, आणि उद्या काहीतरी ठरणार म्हणून लगेच रोझलीनला सांगतात: दही लावा. म्हणजे आम्ही टेबलाशी बसायच्या कितीतरी आधी बेटाला कळलेलं असायचं.

"सिस्टर, हे आणखी कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच," ती निरागसपणे म्हणाली. "इथे दूध कुठे आहे दुसरीकडे? ओदीलसुद्धा म्हणाली, उद्या वाटतं भारतीयांची पूजा. ती रोज संध्याकाळी माझ्याकडे कॉफीला येते. एकाच वर्गात होतो आम्ही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बिष्टांनी पलंगाखाली डोकं घातलं होतं, आणि आमचं गुपित रोझलीनच्या हातातल्या पेल्यातून दिवसाढवळ्या टेकडी उतरत होतं. इनास आत प्रार्थनेला गेला, आणि मी जवळजवळ धावतच खाली आले.

साहेब हिरवळीवर शतपावली घालत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला.

"म्हणजे माझ्या आईच्या दह्याने देशाची गुपितं फोडली, असं तुमचं म्हणणं आहे?"

"आईंच्या नाही, सर. तुम्ही ज्या दिवशी मागवता त्या दिवसाने."

"तीस वर्षं मी हे करतोय!"

"तीस वर्षं तुम्ही अशा गावात होतात जिथे दुधाची दुकानं होती."

"आणि दिल्लीला मी काय लिहू? दह्यामुळे वाटाघाटी फिसकटल्या? लोक हसतील मला, पागे. निवृत्त होईपर्यंत हसतील."

"इनासमुळे असं लिहायला तुम्हाला पुरावा लागला नव्हता," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती. "दह्याचा पुरावा मी देते. आज दिल्लीहून काही आलंय?"

"नाही."

"तरी आत्ता रोझलीनला सांगा, उद्या दही हवं. उद्या बाईंनी चष्म्याची डबी मिटली आणि गप्प बसल्या, तर माझं खरं."

"आणि त्या रोजच्यासारख्या भांडल्या तर?"

"तर शुक्रवारच्या विमानात इनासच्या शेजारी मी बसेन. माझ्याबद्दलही काय लिहायचं ते लिहा."

साहेबांनी आणखी एक येरझार घातली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन नाराजीने हाक मारली, "रोझलीन!"

सकाळी त्यांनी तळहात पुढे केला तेव्हा "घाला, पागे" हे शब्द काही निघाले नाहीत. दही थोडं पातळच लागलं होतं. त्यांनी ते औषधासारखं घेतलं.

टेबलाशी आम्ही बसलो. विषय फाटकाचा होता. तळाच्या फाटकातून तिमाराचा अधिकारी आम्हाला न विचारता आत जाऊ शकेल की नाही, एवढाच प्रश्न. दिल्लीचं म्हणणं, नाही. बाईंचं म्हणणं, ज्या घराची किल्ली माझ्याकडे नाही ते घर माझं नाही. यावर आदल्या दिवशी त्या इतक्या तावातावाने बोलल्या होत्या की त्यांच्या सचिवाने पाण्याचा ग्लास लांब सरकवून ठेवला होता. आज त्या आल्या, बसल्या, चष्मा काढला, पुसला, डबीत ठेवला.

मी त्या डबीकडे बघत होते. माझी नोकरी तिच्यात होती, आणि एका माणसाचं सगळं आयुष्य.

टक्. डबी मिटली. हात एकावर एक आले.

"आम्ही ऐकतो, महाशय," बाई म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. ते शांतपणे म्हणाले, "मादाम, काल जे बोललो तेच आजही आहे. नवीन काही नाही."

बाई थांबल्या. मंद हसल्या, जणू हा खेळ त्यांना ओळखीचा होता. वाट पाहत राहिल्या. साहेबही गप्प बसले. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांच्या पेन्सिली मोजत बसली. जेवणाची वेळ झाली, जेवणं झाली, पुन्हा सगळे येऊन बसले. दुपार कलली तसं बाईंचं हसू मावळलं. मग त्यांनी डबी उघडली, पुन्हा मिटली, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर राग नाही, भीती दिसली. आपण काय चुकलो ते न कळलेल्या माणसाची भीती.

संध्याकाळी त्या मला एकटीला व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"तुमच्या साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता. "तब्येत उत्तम आहे, मादाम," मी म्हणाले. "आज त्यांनी दही नुसतंच खाल्लं."

क्षणभर त्यांना कळलं नाही. मग कळलं, आणि ती पोक्त बाई कठड्याला धरून हसायला लागली. मलाही हसू आवरेना. आतून सचिव डोकावून गेला.

"पहिल्या वेळी मला योगायोग वाटला," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वेळी खात्री झाली. मी कुणालाही काही विचारलं नाही, शपथ. आमच्या बेटावर गाई चारच आहेत. दूध कुणाकडे गेलं ते न विचारता कळतं."

"आम्ही मात्र आमच्यातच चोर शोधत होतो."

त्यांचं हसू थांबलं. "माहीत आहे. तुमचा तो नाविक दिवे उतरवत होता, तेही मला कळलं. तुम्ही आमच्या भिंतीत कान शोधलेत, मादाम. मैत्रीच्या घरात. मला वाईट वाटलं, पण मी म्हटलं, शोधू दे." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "चोर कोण ठरला होता?"

त्यांनी टेकडीकडे पाहिलं.

"तो उंच मुलगा? चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर गुडघे टेकून बसतो. पंधरा दिवसांत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर त्याला तिथे येणं अवघड झालं असतं, एवढं मला समजतं." त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही मला सांगता की फाटकाची किल्ली तुमच्यावर विश्वासाने सोडा. तुमचा विश्वास तुमच्याच माणसाला पुरत नाही, तर आम्हाला काय पुरणार?"

मी आत जाऊन साहेबांना त्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "बेळगावला आमच्या शेताच्या फाटकाला साखळी होती, आणि साखळीत दोन कुलपं एकमेकांत अडकवलेली. एक आमचं, एक चुलत्यांचं. कुणीही आपलं कुलूप काढलं की फाटक उघडायचं. दोन्ही घरांत बोलणं नव्हतं, पण फाटकावरून भांडण कधी झालं नाही." त्यांनी स्वतःच दिल्लीसाठी संदेश लिहिला. दह्याचा त्यात उल्लेख नव्हता, पण रजेचाही नव्हता.

तो कागद आणि खुणांचं पुस्तक घेऊन ते इनासच्या खोलीशी गेले. मी मागे उभी होते.

"तुस्कानो, हे तुम्हीच करा," ते म्हणाले. "मला नाही जमत." आणि वळून निघून आले. त्या माणसाकडून यापेक्षा जास्त माफी निघणं शक्य नव्हतं, आणि एवढी निघाली याचंच मला नवल वाटलं.

दिल्लीने कुरकुरत होकार दिला, करार झाला, तळही उभा राहिला. फाटकाला दोन कुलपं लागली. खाऱ्या वाऱ्याने दोन्ही गंजली आहेत असं मी अलीकडे ऐकलं.

शुक्रवारी विमान इनासला न घेताच गेलं. ते टेकडीवरून उडताना आम्ही दोघं अतिथिगृहाच्या पायरीवर बसून पाहत होतो. मांडीवर सुकेळ्यांचा डबा होता.

"मॅडम, आता तरी सांगा," तो म्हणाला. "काय झालं होतं?"

मी सांगितलं. दही, रोझलीन, पेला, सिस्टर अगाथा, चार गाई, सगळं रंगवून सांगितलं. तो हसला. अगदी मनापासून हसला, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला हायसं वाटलं. वाटलं, चला, सुटलो.

मग त्याने डोळे पुसले आणि विचारलं, "आणि दही सापडलं नसतं तर, मॅडम?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. हात एकावर एक ठेवून, काही न मागता, तो वाट पाहत बसला. मी समुद्राकडे पाहत राहिले. पानात गुंडाळलेलं ते सुकेळं मी कसं निरखून पाहिलं होतं ते मला आठवत होतं, आणि देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

शेवटी त्यानेच डब्यातून एक सुकेळं काढलं, पान सोडवून माझ्या तळहातावर ठेवलं, आणि संध्याकाळचे संदेश घ्यायला आत निघून गेला.